डांगरवाडीतली घरटी

माझ्या शिक्षणाचं श्रेय कुणाला, असं कुणी विचारलं की मी आईवडिलांचं नाव घेतो, आणि ते खोटं नाही. पण ज्या एका माणसाचे माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आहेत, ते माणूस माझ्या नात्यातलं नाही आणि माझ्या समाजातलंही नाही. ती आमच्या गावची डोंगा, म्हणजे लाकडी होडी, चालवणारी मासेमार ढिवर समाजातली बाई. गाव तिला डोंगेवाली म्हणायचं; मी लहानपणापासून मोठीमाय म्हणत आलो. हे अगदी सुरुवातीला लिहितो आहे, कारण जिथे तिचं श्रेय लिहायला हवं होतं त्या एका रकान्यात मी ते लिहिलं नाही, आणि त्यामुळे तिची रेतीतली जागा गेली.

आमचं गाव वैनगंगेच्या थडीवर. अलीकडे चंद्रपूर जिल्हा, पलीकडे गडचिरोली. गावातली शाळा सातवीपर्यंत, पुढची शाळा नदीपलीकडे. पूल होता, पण नदीच्या फार खालच्या अंगाला. बसने जायचं तर अर्धा दिवस मोडायचा. उन्हाळ्यात नदी पायी ओलांडता यायची. बाकीचे महिने डोंगा.

डोंगा आधी मोठीमायचा नवरा चालवायचा. मी आठवीला लागलो तेव्हाच तो तापानं गेला, आणि तेरवी झाल्यावर दुसऱ्याच सकाळी हातात बांबू घेऊन ती उभी होती. आम्ही शाळेत जाणारी पाच पोरं. त्यातल्या एकाची आई थडीवरूनच म्हणाली, "बाईमानसाच्या हाती पोट्टे कसे द्यायचे व?"

"नको देऊ," मोठीमाय म्हणाली. "तुह्या पोट्ट्याले पोहता येते का पाह्य मंग."

पोट्टा डोंग्यात बसला.

पाच वर्षं तिनं मला नेलं आणि आणलं. मी जयभीम म्हणायचो, ती रामराम म्हणायची. दोघांचंही काम व्हायचं. डोंग्याबद्दल गावातलं प्रत्येक घर तिला सुगीला धान द्यायचं. आमच्याकडे शेत नव्हतं, म्हणून धानही नव्हतं. तिनं त्याचा कधी उच्चार केला नाही. माझ्या वडिलांनी एकदा विषय काढला तर म्हणाली, "तुहं पोट्टं काय वजनदार हाय? पुस्तकं तेवढी जड हायेत."

बारावीनंतर तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला अर्ज केला होता. यादीत नाव लागलं आणि कागद घेऊन हजर राहायचा शेवटचा दिवस नेमका भर पावसाळ्यात आला. नदी दोन्ही थड्या भरून चालली होती. रस्त्यावरच्या नाल्यालाही पूर, म्हणून बस बंद. पलीकडून मात्र गाडी मिळत होती. मी सकाळी सहाला थडीवर जाऊन उभा राहिलो आणि मोठीमायनं साफ नाही म्हटलं. मी रडायला लागलो. सतरा वर्षांचा घोडा, पण रडलो.

"रडून पानी उतरत नाई," ती म्हणाली. "बस तिथी."

तिनं पाण्याच्या काठाला एक काडी खोचली आणि तंबाखू मळत बसली. नऊ वाजले, दहा वाजले. मी दर पाच मिनिटांनी त्या काडीकडे पाहायचो. अकराच्या सुमाराला काडी कोरडी पडली, मग पाण्यापासून हातभर दूर झाली. मोठीमाय उठली. माझे कागद तिनं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आपल्या डोक्याला पदरानं बांधले. आम्ही डोंगा ओढत ओढत थडीथडीनं बरंच वर नेला आणि मग पाण्यात सोडला. नदीनंच आम्हाला तिरपं नेऊन पलीकडच्या घाटाला लावलं. मला फक्त एवढं आठवतं की तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ती सारखी पाण्याकडे बघत होती. तीन वाजता माझा प्रवेश झाला.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. निकाल सांगायला गेलो तेव्हा तिनं विचारलं, "मंग आता तुले काय येते?"

"प्राणिशास्त्र."

"म्हंजे?"

"जनावरं, पक्षी कसे राहतात त्याचा अभ्यास."

"त्यासाठी तीन वर्स तिकडे कायले गेला मंग? इथीच बसला असता."

आम्ही दोघंही हसलो. मला तेव्हा वाटलं होतं की हा विनोद आहे.

माझ्या कॉलेजच्या काळात आणि त्यानंतर गावात पुरामागून पूर आले. आमची बौद्ध वस्ती सगळ्यांत खालच्या अंगाला, त्यामुळे पाणी आधी आमच्याकडे यायचं. विहाराच्या चुन्याच्या भिंतीवर दर पुराची एक रेघ उमटायची. शेवटची रेघ माझ्या डोक्याच्या वर होती. अखेर गाव वरच्या माळावर हलवलं. खालची घरं आणि शेतं सरकारनं मोबदला देऊन घेतली. म्हातारी माणसं रडली, पण दर श्रावणात भांडी डोक्यावर घेऊन पळणं संपलं म्हणून बहुतेकांना सुटल्यासारखं वाटलं. रिकाम्या शेतांत आधी गवत आलं, मग बाभळी, मग चितळं. जुन्या घाटाजवळ पाणमांजरं दिसू लागली. आणि एक दिवस जाहीर झालं की ही पुराची सगळी जमीन, नदीच्या पात्रासकट, वन्यजीवांसाठी राखून ठेवणार.

गावातल्या तरुणांना लगेच मोहर्ली दिसायला लागली. तिकडे ताडोब्याच्या फाटकावर जिप्स्या उभ्या असतात, तशा आपल्याकडेही लागतील. पारावर एक म्हातारा म्हणाला, "जिप्सीत बसून पाहतीन काय? वाघ कुठी हाय?"

"येईन ना आबा."

"काऊन, तू निवता धाडला का त्याले?"

मला मात्र वाघाशी कर्तव्य नव्हतं. मला ती कल्पनाच फार चांगली वाटली होती, आणि आजही वाटते. जी जमीन नदी दरवर्षी मागते ती नदीलाच देऊन टाकावी, यात चूक काही नाही. पण एक गोष्ट कागदावर कुठेच नव्हती: डांगरवाडी.

दिवाळीनंतर पाणी उतरलं की नदीत रेतीचे लांबच लांब पट्टे उघडे पडतात. त्या रेतीत खड्डे करून शेणखत टाकायचं आणि टरबूज, खरबूज, काकडीचे वेल लावायचे. याला आमच्याकडे डांगरवाडी म्हणतात. गावातली आठ-दहा ढिवर घरं पिढ्यान्‌पिढ्या ती लावत आली. नदी दर पावसाळ्यात सगळी रेती उपसून नव्यानं मांडते, त्यामुळे गेल्या वर्षीची हद्द या वर्षी पाण्यात असते. म्हणून दर वर्षी सगळ्या घरांची माणसं जमायची, दोर ताणून रेती मोजायची आणि पट्टे नव्यानं वाटून घ्यायची. विधवेनं आधी निवडायचं, अशी त्यांची रीत. सातबारा कसा असणार? जमीनच दर वर्षी वेगळी. नदीवर धरण झालं, मासळी कमी झाली, पुढे जवळ पूल झाल्यावर डोंगाही बंद पडला. तेव्हापासून मोठीमायचं वर्ष त्या एका पट्ट्यावर चालायचं.

शिकून झाल्यावर मी दोन वर्षं एका खाजगी शाळेत शिकवलं. मग या संरक्षित क्षेत्राचा आराखडा करण्यासाठी एका संस्थेनं माणसं घेतली, त्यात मला अकरा महिन्यांच्या करारावर काम मिळालं. आमच्या प्रमुखांना आम्ही सर म्हणायचो. मला दिलेलं काम होतं रेतीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची घरटी शोधणं आणि नकाशावर मांडणं. नदी सुरय, छोटी आर्ली, टिटवी. हे पक्षी झाडावर घरटं करत नाहीत. रेतीत नुसती एक खळगी, आणि अंडी अगदी रेतीच्या रंगाची.

फेब्रुवारीच्या शेवटी मी गळ्यात दुर्बीण आणि हातात जागा टिपणारं यंत्र घेऊन रेतीवर उतरलो. सात सकाळी चाललो. सात सकाळींत मला टिटवीची दोन घरटी सापडली, आणि त्यातलं एक रिकामं. सरांचा रोज संध्याकाळी फोन यायचा. मी म्हणायचो, "शोधतो आहे सर." दुसऱ्या भागातल्या मुलानं, जो नागपूरच्या चांगल्या कॉलेजातून आला होता, आधीच एक आख्खी वही भरली होती.

आठव्या दिवशी मी थकून मोठीमायच्या खोपडीकडे, रेतीतल्या तिच्या झोपडीकडे, निघालो. ती वेलांना मडक्यानं पाणी घालत होती. मी तिच्यापासून वीस पावलांवर असताना ती ओरडली, "थांब! हालू नको!"

मला वाटलं साप.

"अंड्यावर पाय देऊन राह्यला ना बे! पाह्य खाली. डिगरी घेऊन आला अना दिसत नाई तुले?"

माझ्या बुटापासून चार बोटांवर दोन अंडी होती. शेजारी रेतीत पळसाची एक वाळकी काडी उभी खोचलेली होती. मी मान वर केली तर तिच्या सगळ्या पट्ट्यात, वेलांच्या मधे मधे, तशाच काड्या दिसल्या. शेजारच्या पट्ट्यांतही होत्या. मी तेवढे दिवस जाता-येता त्या काड्या लांबून बघत होतो आणि वेलांसाठी आहेत असं समजत होतो.

"ज्या खड्ड्यापाशी चिडी बसली, त्या खड्ड्याले पानी नाई घालायचं," तिनं सांगितलं. "पिल्लं पळून गेले का काडी काढायची. तो वेल मेला तं मेला."

"काऊन?" मी विचारलं. "देवाचं काही आहे का?"

"देवाचं काय त्याच्यात? कोल्हा टरबुजापाशी आला का पह्यले कोन बोंबलते? ह्याच. डोक्यावर टोचा मारते त्याच्या. फुकटचे चौकीदार हायेत माह्ये. दोन वेल त्याइले खाऊ नाई घालाचे?" मग थोडं थांबून म्हणाली, "अना आमी इथी निजतो म्हनून गावचे कुत्रे इकडे फिरकत नाई. त्या पलीकडच्या रेतीत कोनी राहत नाई, तिथी एक चिडी बसत नाई. जाऊन पाह्य."

मी पलीकडच्या रेतीत सात दिवस घालवले होते.

त्या सकाळी ती पुढे आणि मी मागे, असे आम्ही सगळ्या डांगरवाडीत फिरलो. ती काडी दाखवायची, मी वाकून अंडी मोजायचो, फोटो काढायचो, यंत्रात जागा नोंदवायचो. दुपारपर्यंत माझी वही भरली. तिनं भाकर आणि वाळल्या मासळीची चटणी दिली. मी इतका आनंदात होतो की तिला म्हणालो, "मोठीमाय, तू तर माझं पूर्ण काम केलं."

"मंग पगार अर्धा दे," ती म्हणाली आणि हसत हसत खोपडीत आडवी झाली.

संध्याकाळी खोलीवर पक्क्या नोंदी भरायला बसलो. प्रत्येक घरट्याचा एक तक्ता, आणि त्यात एक रकाना: 'नोंदीचा स्रोत'. पुढे दोन चौकोन. प्रत्यक्ष शोध, किंवा स्थानिक माहिती. प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं की स्थानिक माहितीच्या नोंदी वेगळ्या परिशिष्टात जातात आणि त्यांची पुन्हा तपासणी होते. मी पेन हातात धरून बसलो. मग स्वतःला समजावलं: अंडी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली ना? फोटो मी काढला ना? मी पहिल्या चौकोनात खूण केली. एकदा केल्यावर पुढच्या सगळ्या तक्त्यांत तीच करावी लागली. काड्यांचं, चौकीदारांचं, कुत्र्यांचं तिनं जे सांगितलं ते कच्च्या वहीत लिहिलं होतं. पक्क्या अहवालात 'शेरा' म्हणून जागा होती. ते तिथे उतरवलं असतं तर घरटी कुणी दाखवली हे उघड झालं असतं. शेऱ्याची जागा मी कोरी ठेवली.

सर नकाशा बघून खुश झाले. सगळ्यांसमोर म्हणाले, "याला म्हणतात नजर." नागपूरच्या मुलानं मला विचारलं की तू एवढी घरटी शोधलीस कशी. मी म्हटलं, "चालावं लागतं."

हे वाक्य मला अजून रात्रंदिवस आठवतं.

पुढे आराखड्यावर चर्चा करायला तालुक्याच्या ठिकाणी बैठक ठरली. एका मंगल कार्यालयात खुर्च्या मांडल्या होत्या. पुढे अधिकारी, मधे संस्थेची माणसं, मागे गावकरी. मोठीमाय आणि डांगरवाडीची बाकी माणसं शेवटच्या रांगेत बसली होती. मला पाहून तिनं हात वर केला. मी मान हलवली.

पडद्यावर माझा नकाशा आला. रेतीच्या पिवळ्या पट्ट्यावर लाल ठिपके, सगळे एकाच जागी दाटलेले. अध्यक्षस्थानी असलेल्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "ही नेमकी कुठली जागा?"

"तिथे टरबुजांची लागवड होते," सर म्हणाले.

"म्हणजे अंडी आणि माणसं एकाच ठिकाणी? मग तर अवघड आहे. लागवड बंद करावी लागेल."

ते वाईट माणूस नव्हते. नकाशावरून मीही तोच अर्थ काढला असता. मागे गलका झाला. मोठीमाय उठून उभी राहिली.

"साहेब, चिड्या आमी हाव म्हनून तिथी बसतेत. आमाले काढसान तं त्याबी जातीन."

एक जण हसला. अधिकारी शांतपणे म्हणाले, "बाई, असं कुणीही म्हणेल. याला काही आधार हवा."

"ह्या पोट्ट्याले पुसा ना," तिनं माझ्याकडे बोट केलं. "त्याले सबन मालूम हाय. माह्या डोंग्यातला पोट्टा हाय तो."

सगळे माझ्याकडे वळले. अधिकाऱ्यांनी विचारलं, "घरटी तुम्हीच शोधलीत ना? या बाई म्हणतात त्यात तथ्य आहे का?"

उत्तर एका वाक्याचं होतं. घरटी मी शोधली नाहीत, यांनी दाखवली. यांची माणसं जिथे झोपतात तिथेच ती आहेत आणि बाकी रेती रिकामी आहे. कच्ची वही माझ्या पिशवीत होती. पण ते वाक्य बोलायचं तर सरांसमोर, त्या नागपूरच्या मुलासमोर, 'प्रत्यक्ष शोध' या शब्दांसमोर उभं राहावं लागलं असतं. मी उठलो आणि म्हणालो, "घरटी डांगरवाडीच्या आतच आहेत, हे खरं आहे."

आणि बसलो. त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

लागवड बंद करावी, असा ठराव झाला.

बैठक संपल्यावर मी मागच्या दारानं निघणार होतो, पण तिनं गाठलं. सोबतची माणसं चिडली होती. एक म्हणाला, "वा रे सायेब! मोठीमाय म्हनत होता ना?" तिनं त्याला गप्प केलं. "घाबरला असन पोट्टा. येवढे साहेब बसले होते." मग माझ्याकडे पाहून हळूच विचारलं, "तुही नोकरी पक्की होईन ना आता?"

मी मान हलवली.

"मंग झालं," ती म्हणाली.

नोकरी पक्की झाली. वडिलांनी वस्तीत पेढे वाटले. फोनवर मोठ्या आनंदानं सांगत होते, "डोंगेवालीलेबी नेऊन देला. घेतला तिनं. म्हने पोट्ट्यानं नाव काढलं."

त्या दिवाळीनंतर रेतीवर दोर पडला नाही. घाटावर फलक लागला. ढिवर घरांतले पुरुष कोरपन्याकडे सिमेंटच्या कामावर गेले. आणि मोठीमाय, जिनं आयुष्यात नदी सोडून कुठलं काम केलं नव्हतं, ती आमच्याच वस्तीतल्या बायांबरोबर मिरची तोडायला तेलंगणात गेली. पिकअपमध्ये उभ्यानं. हे मला माझ्या आईनं सांगितलं. "हात जळते म्हने तिचे," आई म्हणाली. "सवय नाई ना."

मी तिला ठेकेदाराच्या नंबरवर फोन केला. मागे बायांचा गलका होता. "बोल ना बापू, बोल," ती म्हणत राहिली. मी विचारलं, जेवण झालं का. तिनं विचारलं, तुझं झालं का. फोन ठेवला.

मार्चमध्ये मी पुन्हा रेतीवर उतरलो. ना खोपड्या, ना वेल, ना माणसाचा आवाज. आराखड्यात लिहिलं होतं तसं, निर्मनुष्य. मी तेरा दिवस पहाटेपासून चाललो आणि या वेळी मन लावून शोधलं. रेतीभर कुत्र्यांच्या पायांच्या खुणा होत्या. मोठीमायचा पट्टा जिथे होता तिथे मला काही खळग्या सापडल्या, आत टरफलांचे तुकडे. शाबूत अंडी एकाच घरट्यात होती, आणि तीन दिवसांनी तीही नव्हती. आकाशात पक्षी होते. बसत नव्हते.

सर म्हणाले, "या वर्षी उन्हाळा लवकर तापला. कारणात तेच लिही."

मी म्हटलं, "सर, गेल्या वर्षीची घरटी मी शोधली नव्हती."

"म्हणजे? नोंदी खोट्या होत्या?"

"नोंदी खऱ्या होत्या. दाखवली दुसऱ्यानं होती. डांगरवाडीच्या बाईनं."

ते हसले. "एवढंच? अरे, गावकऱ्यांना सगळेच विचारतात."

"पक्षी तिथे का बसतात, हेही तिनं सांगितलं होतं. मी लिहिलं नाही. बैठकीत विचारलं तरी बोललो नाही."

ते हसायचे थांबले. मग म्हणाले, "पावसाळ्याआधी फेरविचाराची बैठक आहे. लेखी दे. पण हे लेखी दिलंस तर तुझ्या बाकीच्या कामावरही प्रश्न येतील, कळतंय ना?"

कळत होतं. मी लेखी दिलं. कच्च्या वहीची पानं जोडली. ते धाडस नव्हतं. ते एक वर्ष उशिरा केलेलं काम होतं, आणि मधल्या वर्षात तिचे हात जळले होते.

अकितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मोठीमाय गावी परतल्याचं वडिलांनी सांगितलं. फोनवर मी पुन्हा जेवणाचंच विचारलं असतं. शिवाय बैठकीत तिच्याकडे आधार मागितला गेला होता, आणि आधार म्हणजे कागद. म्हणून पत्र लिहिलं, ती बोलते त्या बोलीत, म्हणजे वाचणाऱ्याला मधे काही समजावून सांगावं लागू नये. दुसऱ्या दिवशी रजिस्टर केलं. ते पत्र असं होतं:

मोठीमायले जयभीम अना रामराम.

हे पत्र अंगनवाडीच्या बाईकून वाचून घेजो. तिले सांग, मधातलं काईच गाळू नको.

मागच्या वर्सी तुवा मले रेतीतले घरटे दाखवले. मले एकबी सापडत नवतं. मी कागदावर लिवलं का मीच शोधले. तुहं नाव लिवलं नाई. चिड्या तुमच्यापाशी काऊन बसतेत, तुमी राहता म्हनून कुत्रे काऊन येत नाई, हे तुवा सांगतलं, तेबी मी लिवलं नाई.

बैठकीत तुवा म्हनलं का ह्या पोट्ट्याले पुसा. साहेबानं पुसलं. मले मालूम होतं अना मी सांगतलं नाई. तू सबनाईले म्हनली का पोट्टा घाबरला असन. मी घाबरलो नवतो, मोठीमाय. ज्याले डिगरी हाय त्याले घरटं दिसलं नाई, हे चार लोकाइले समजन, याची मले लाज वाटली. तेवढ्यासाठी मी तुही वाडी जाऊ देली. नोकरीचंबी मनात होतं. तू पुसलं तवा मी मान हालवली.

यंदा मी तेरा दिवस फिरलो. तुमी नाई तं चिड्याबी नाई. कुत्र्याइनं अंडे खाल्ले. तू म्हनली होती तसंच झालं.

आता मी हे सबन साहेबाइले लिवून देलं. त्याची नक्कल ह्या पत्रासंग हाय, खाली माही सही हाय. ते ऐकतीन का नाई ते मले सांगता येत नाई. पावसाच्या आंधी बैठक हाय. त्याच्या पह्यले ग्रामसभेत हे वाचून दाखवा अना ठराव घ्या. सबन घरच्याइचे अंगठे-सह्या घ्या. नक्कल कोनाच्या हाती देऊ नको, झेरॉक्स दे.

बैठकीले मी येईन. तू म्हनशीन तं तुह्या बाजूले बसून बोलीन, नको म्हनशीन तं नुसता उभा राहीन.

मी माफी मागाले पत्र लिवलं नाई. तू लगेच 'जाऊ दे' म्हनशीन, अना मंग मले बरं वाटन. तसं म्हनू नको.

बाबाले मी आजून सांगतलं नाई. तो तुह्याकडे येऊन पुसन का पोट्ट्यानं काय केलं. त्याले खरं ते सांग.